पिकअपला घरच्या घरी पायऱ्या बसवताना

डबल कॅबिनच्या पिकअपमध्ये रोज चढ-उतार करणाऱ्यालाच तिची उंची खरी कळते. आमच्या गाडीच्या कॅबिनची फरशी जमिनीपासून २९ इंचांवर आहे. घराच्या जिन्याची पायरी १९० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साडेसात इंचांपेक्षा उंच नसावी, असं राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. त्या हिशेबाने माझ्याकडे कामाला येणाऱ्या बायका दिवसातून कितीतरी वेळा जवळजवळ चार पायऱ्यांइतकी उंची चढत होत्या. अंगावर साडी, एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्या हातात खुरप्यांची पिशवी.

माझी पुण्याजवळ मांजरी गावात रोपवाटिका आहे. खराडी, मगरपट्टा, बाणेर इथल्या सोसायट्यांच्या बागांची आणि गच्च्यांची कामं असली की रोपांबरोबर बायकाही जातात. एक पुढे माझ्या शेजारी, बाकीच्या मागच्या बाकावर. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन जवळ आलं की गाडी दिवसभर उभी राहतच नाही. गाडी जुनी घेतलेली, माल वाहण्यासाठी घेतलेली, आणि तिला पायऱ्या नव्हत्या. त्यामुळे रोपांचा प्लॅस्टिकचा क्रेट पालथा घालायचा, त्यावर पाय ठेवून चढायचं आणि शेवटच्या बाईने तो वर ओढून घ्यायचा, अशी पद्धत पडली होती. ओल्या फरशीवर क्रेट सरकतो. पावसाळ्यात एकदा तो सरकला आणि आमच्यातल्या सगळ्यांत वडील मावशींचा गुडघा दाराच्या उंबऱ्यावर आपटला. हाड वाचलं, पण मावशी दोन आठवडे घरी बसल्या. पाऊस संपला की पायऱ्या बसवायच्या, हे तेव्हाच ठरलं.

आधी बाजारात फिरले. पिकअपसाठी मिळणाऱ्या साइड स्टेप मुख्यतः दोन प्रकारच्या. एक, तीन इंची गोल नळी, तिच्यावर पाय ठेवायच्या जागी रबराचे तुकडे. दुसरी, चपटा लांब बोर्ड, पाच-सहा इंच रुंद, वर रबराच्या आडव्या रेघा. दार उघडलं की मोटरवर बाहेर येणाऱ्याही असतात, त्या आमच्या कामाच्या नाहीत. गोल नळी दिसायला दणकट दिसते आणि बहुतेक दुकानदार तीच पुढे करतात. पण नळीच्या माथ्यावर चपलेला टेकायला जेमतेम दोन बोटं जागा मिळते. बूट घातलेल्या माणसाचं त्यावर भागतं. चिखलाने भरलेली स्लीपर घालून त्यावरून उतरायचं असेल तर नळी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मी चपटा बोर्ड घ्यायचं ठरवलं.

धातूचा विचार मात्र जास्त करावा लागला. पुण्यात समुद्राची खारी हवा नाही, त्यामुळे गंजाची फार काळजी नको, असं मला दोघा-तिघांनी सांगितलं. रोपवाटिकेच्या गाडीला हे लागू होत नाही. आमच्या गाडीत खतं असतात. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच सख्खा भाऊ. गोणीतून सांडलेलं खत पाण्यात विरघळून फटीत जाऊन बसलं की समुद्रकाठी मीठ जे करतं तेच ते करतं. पावडर कोटिंग केलेल्या साध्या लोखंडी पायरीवर एक ओरखडा पडला की तिथून कोटिंगखाली गंज पसरतो, आणि वरून ते कळतही नाही. म्हणून बोर्ड ॲल्युमिनियमचा घेतला. ॲल्युमिनियमलाही क्लोराइडने बारीक खड्डे पडतात, पण तो भाग उघडा असतो, धुता येतो. ब्रॅकेट लोखंडाचेच असतात. खरी निगा त्यांची राखावी लागणार, हे तेव्हाच लक्षात आलं.

हा सेट मला साडेसहा हजारांच्या आसपास पडला. त्यात दोन बोर्ड, दोन्ही बाजूंचे तीन-तीन ब्रॅकेट आणि नट-बोल्टची पिशवी. दुकानात बसवून घेतलं असतं तर मजुरी फार नव्हती. तरी मी घरी बसवायचं ठरवलं, कारण दुकानांत मला दोनच पर्याय सांगितले गेले आणि दोन्ही पटले नाहीत.

पहिला पर्याय दाराखालच्या पत्र्यात सेल्फ टॅपिंग स्क्रू मारून ब्रॅकेट बसवण्याचा. अर्ध्या तासाचं काम. यात काय बिघडतं हे समजायला साधा हिशेब पुरतो. पाय पडतो ती जागा ब्रॅकेटच्या बोल्टपासून साधारण २५ सेंटिमीटर बाहेर असते. ब्रॅकेटचे वरचा आणि खालचा बोल्ट एकमेकांपासून ६ सेंटिमीटरवर असतात. ८० किलोचा माणूस एका ब्रॅकेटजवळ उभा राहिला की वरच्या बोल्टवर बाहेरच्या दिशेने ओढ येते ८० गुणिले २५ भागिले ६, म्हणजे सुमारे ३३३ किलो. माणूस वरून धपकन उतरला तर त्याहून जास्त. आता ८.८ ग्रेडचा, म्हणजे जास्त मजबूत पोलादाचा, आठ मिलिमीटरचा बोल्ट सरळ ओढीला दोन टनांहून अधिक सोसतो, त्याला या ओढीचं काही वाटत नाही. पण मिलिमीटरभर जाडीच्या पत्र्यात स्क्रूचा एखादा आटा पकडून असतो. बोल्ट तुटत नाही, पत्रा फाटतो. आणि पायरी निखळते ती कुणीतरी तिच्यावर पूर्ण वजन टाकलेलं असतानाच.

दुसरा पर्याय चेसिसला वेल्डिंगचा. 'आयुष्यभराचं काम' असं त्याचं वर्णन होतं. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूच्या पोलादाची घडण बदलते आणि चेसिस रोज पिळवटते, वाकते, सरळ होते. तडा वेल्डच्या टोकापासून सुरू होतो. पायरी पक्की करण्यासाठी गाडीचा कणा कमकुवत करायचा, हा व्यवहार मला मान्य नव्हता. चेसिसच्या वरच्या आणि खालच्या पट्टीत नवीन भोक पाडायचं नाही, हेही याच कारणाने ठरवलं. वाकण्याचा सर्वाधिक ताण त्या दोन पट्ट्यांवर असतो; उभ्या भिंतीच्या मध्यावर तो सगळ्यांत कमी.

कायद्याची बाजूही मी पाहून घेतली. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या गाडीत मनाला येईल तसा फेरफार करता येत नाही. याच कलमाचा आधार घेऊन डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने पुढच्या लोखंडी क्रॅश गार्डवर कारवाई करायला राज्यांना कळवलं होतं. आमची गाडी मालवाहू, तिला फिटनेस तपासणीसाठी दिवे गावाच्या आरटीओ ट्रॅकवर न्यावी लागते. म्हणून मी स्वतःला अटी घातल्या: कापायचं नाही, वेल्ड करायचं नाही, सगळं बोल्टने, आणि बोर्डाची बाहेरची कड आरशांच्या खूप आत राहिली पाहिजे. कुणी काढा म्हटलं तर पान्याने काढता आलं पाहिजे आणि मागे गाडी होती तशी राहिली पाहिजे.

उंचीचा प्रश्न विटांनी सोडवला. सेट घेण्याआधी गाडी अंगणात सपाट कोब्यावर उभी केली, मागच्या दाराशी तीन इंची विटांचे थर रचले आणि सगळ्यांना चढून-उतरून बघायला सांगितलं. आधी चार थर, मग पाच, मग सहा. मला वाटलं होतं की दोन समान टप्पे सगळ्यांना आवडतील. पण वडील मावशींना चार थरांची, म्हणजे १२ इंचांची पायरी सर्वांत सोयीची वाटली, जरी तिथून वरचा टप्पा १७ इंचांचा होत होता. कारण त्यांनीच सांगितलं, "ताई, वर हाताला धरायला असतं. खाली काय धरायचं?" पहिला टप्पा नुसत्या गुडघ्याच्या बळावर, दुसऱ्याला हाताची मदत. उतरताना तर हे आणखी खरं, कारण तेव्हा शेवटचा पाय जमीन चाचपडत येतो.

१२ इंच मात्र परवडणार नव्हतं. सडकेवरच्या गतिरोधकाचा प्रश्न नाही; इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्यावरून काहीच घासत नाही. पण गल्लीतले उभट गतिरोधक त्या मापाचे नसतात, आणि फुरसुंगीकडे कालव्याच्या कडेने जाणाऱ्या वाटेवर चाकोरीच्या मधला उंचवटा नेमका गाडीच्या पोटाखाली येतो. पुढची चाकं उतरली आणि मागची अजून चढायची आहेत, अशा वेळी दोन चाकांच्या मधोमध असलेली वस्तूच आधी टेकते. साइड स्टेप असते नेमकी तिथे. शिवाय मातीच्या कुंड्या भरल्या की आमची गाडी मागे चांगले दोन इंच बसते. चढण्याची उंची रिकाम्या गाडीची मोजायची आणि खालची मोकळीक भरलेल्या गाडीची, असं करून १५ इंचांवर सगळ्यांचं एकमत झालं. सेट निवडताना ब्रॅकेटचा आकार तसाच पाहून घेतला.

बोर्ड किती बाहेर यावा, याचाही विचार याच वेळी झाला. फार आत असला तर पाऊल आडवं ठेवावं लागतं. फार बाहेर असला तर उतरताना त्याला ओलांडून पाय टाकावा लागतो आणि बोर्डाच्या कडेचा चिखल साडीला पुसला जातो. आमच्या बोर्डावर पाऊल सरळ ठेवलं तर अर्ध्याहून थोडं जास्त टेकतं. तेवढं पुरतं.

नट-बोल्टची पिशवी मी वापरली नाही. डोक्यावर ग्रेडचा आकडा नसलेले बोल्ट अशा जागी लावू नयेत. रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन ८.८ ग्रेडचे जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट, मोठे वायसर आणि नायलॉन लॉकनट घेतले. चेसिसकडे दहा मिलिमीटरचे, बोर्डाकडे आठचे. सोबत कापडी धाग्याची रबरी पट्टी, जस्त मिसळलेला प्रायमर आणि काळा ऑइल पेंट. नायलॉनचा नट एकदा पूर्ण आवळून सोडला की त्याची पकड कमी होते, म्हणून ते थोडे जास्तच घेतले.

माझा भाचा औंधच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेड करतो आहे. त्याला दिवाळीची सुट्टी होती, आणि त्याने ओळखीतून टॉर्क रेंचही, म्हणजे बोल्ट ठरावीक जोरानेच आवळता येणारा पानाही, आणला. मांजरीची काळी माती चेसिसला चिकटून वाळली की दगडासारखी होते, त्यामुळे गाडी आदल्या दिवशी खालून प्रेशरने धुऊन वाळवून ठेवली होती. जॅक लावायची गरज नव्हती आणि लावूही नये. गाडी चारही चाकांवर सपाट उभी असली तरच उंचीची मापं खरी येतात, आणि पिकअपखाली माणूस तसाही शिरतो. गिअर टाकला, हँडब्रेक ओढला, चाकांना पुढून-मागून दगड लावले. डोळ्यांना गॉगल लावणं मात्र अगदी आवश्यक. वर बघत काम करताना मातीचा प्रत्येक कण डोळ्यातच पडतो.

ब्रॅकेट आधी जमिनीवर मांडले. त्यांवर डावे-उजवे लिहिलेलं असतं. हे डावं-उजवं नेहमी चालकाच्या जागेवर समोर तोंड करून बसलेल्या माणसाचं. समोर उभं राहून गाडीकडे बघणाऱ्याचं नव्हे. पुढचा, मधला, मागचा हे तिन्ही वेगळ्या वाकाचे होते. त्यांच्या कापलेल्या कडा धारदार होत्या. त्या कानशीने मारल्या आणि भोकांच्या आतल्या बाजूला, जिथे पावडर कोटिंग पोचलंच नव्हतं, जस्ताचा प्रायमर दोनदा लावला. हे काम कंटाळवाणं आहे, तरी सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा अर्धा दिवस मी याच कामाला देईन. गंज भोकातूनच सुरू होतो.

बोर्ड कॅबिनला जोडायचा की चेसिसला, हा प्रश्न आमच्यासाठी सुटलेला होता, पण त्याचं दुसरं कारणही सांगण्यासारखं आहे. पिकअपची कॅबिन चेसिसवर थेट बसलेली नसते, मध्ये रबरी बुश असतात. खडबडीत रस्त्यावर चेसिस आणि कॅबिन थोड्या वेगवेगळ्या हलतात. काही सेटमध्ये ब्रॅकेटचं एक टोक चेसिसला आणि दुसरं दाराखालच्या पत्र्याला जोडतात. त्यामुळे उभ्या गाडीत पायरी फार घट्ट वाटते, पण ती दोन हलणाऱ्या वस्तूंना एकमेकींशी जखडते. मग करकर आवाज येतो, रंग तडकतो, आणि शेवटी भोक मोठं होतं. आम्ही तिन्ही ब्रॅकेट चेसिसलाच धरले आणि बोर्ड व कॅबिन यांच्यात १५ मिलिमीटरची फट मोकळी सोडली.

चेसिसच्या उभ्या भिंतीवर कंपनीचीच भोकं होती, नवीन पाडावी लागली नाहीत. पण आमची चेसिस तिथे पोकळ पेटीसारखी आहे, आत हात जात नाही, मग नट धरायचा कसा? यासाठी सेटमध्ये बोल्ट पक्के केलेल्या लोखंडी पट्ट्या होत्या, पण त्यांवरही ग्रेडचा आकडा नव्हता. मी आणलेल्या बोल्टांसाठी भाच्याने तशाच पट्ट्या आयटीआयच्या पद्धतीने चौकोनी खाच करून बनवल्या, म्हणजे बोल्टचं डोकं आत फिरत नाही. मग शेजारच्या मोठ्या लंबगोल भोकातून आधी तार सारायची, ती लहान भोकातून बाहेर काढायची, तिचं टोक बोल्टच्या आट्यांना गुंडाळायचं आणि पट्टी मोठ्या भोकातून आत सोडून तारेने ओढत बोल्ट लहान भोकातून बाहेर आणायचा. तार सोडायची नाही, नट दोन-तीन आटे चढेपर्यंत. "आत्या, तार सुटली ना, तर पट्टी चेसिसमध्ये खुळखुळत राहील गाडी भंगारात जाईपर्यंत," असं तो मला पुन्हा पुन्हा बजावत होता. चुंबकाची कांडी जवळ ठेवली होती, आणि मागच्या ब्रॅकेटच्या वेळी ती कामाला आली.

यापूर्वी एक गोष्ट बघितलीच पाहिजे. चेसिसच्या आतल्या अंगाने ब्रेकची नळी, डिझेलची नळी आणि वायरिंगचा जुडगा जातो. प्रत्येक भोकाच्या पलीकडे काय आहे ते टॉर्च आणि बोट दोन्हींनी तपासायचं. नुसतं दिसून भागत नाही, कारण नळी भिंतीला टेकलेली आहे की सुटी हे स्पर्शानेच कळतं. सायलेन्सर ज्या बाजूने जातो तिथे ब्रॅकेट आणि सायलेन्सर यांच्यात दोन बोटांची फट राहते का, हेही बघितलं. सायलेन्सर गाडी चालू असताना हलतो, आणि तापतो.

ब्रॅकेट हातानेच, सैल बसवले. मग बोर्ड. ॲल्युमिनियमच्या बोर्डाच्या खालच्या अंगाला लांबच लांब खाच असते, तिच्यात बोल्टची डोकी एका टोकाने सरकवत न्यायची. तिन्ही ब्रॅकेटचे बोल्ट आधीच आत घातले पाहिजेत, मधल्याचे विसरले तर सगळं पुन्हा उतरवावं लागतं. या खाचेचा फायदा असा की बोर्ड पुढे-मागे सरकवता येतो. आमच्या बायका बहुतेक मागच्या दाराने चढतात आणि पाऊल बोर्डाच्या मागच्या भागात पडतं. पहिल्यांदा बोर्ड टेकवून पाहिला तेव्हा मागचं टोक शेवटच्या ब्रॅकेटच्या सात इंच मागे लोंबत होतं. तो दोन इंच पुढे सरकवला. दोन इंचांनी दिसण्यात काही फरक पडला नाही, पण ज्या टोकावर सर्वांत जास्त वजन पडणार ते ब्रॅकेटच्या आधाराजवळ आलं. दुकानात हे कुणी करत नाही, कारण गाडीत कोण कुठून चढतं हे त्यांना माहीत नसतं.

ॲल्युमिनियम आणि लोखंड यांच्यामध्ये रबरी पट्टीचे तुकडे घातले. हे दोन धातू ओल्यात एकमेकांना उघडे भिडले की ॲल्युमिनियम झिजायला लागतं, आणि आमच्याकडे ओल खताची.

आवळण्याचा क्रम मला भाच्याकडून शिकायला मिळाला. सगळं सैल असताना बोर्ड क्रेटवर टेकवून ठेवला. १५ इंचांची काठी कापून घेतली होती, ती पुढे, मध्ये, मागे उभी करून उंची जुळवली. कॅबिनची फट पट्टीने मोजली. आरशाच्या बाहेरच्या कडेवरून ओळंबा सोडला आणि बोर्ड त्याच्या कितपत आत आहे ते दोन्ही टोकांना पाहिलं. मग आधी चेसिसचे बोल्ट, तेही मधल्या ब्रॅकेटपासून बाहेरच्या दिशेने, थोडे थोडे. ते पूर्ण झाले की बोर्डाचे. उलट केलं, आधी बोर्ड आवळून टाकला, तर ब्रॅकेट जिथे बसायला हवेत तिथे न बसता बोर्ड नेईल तिथे ओढले जातात आणि त्यांच्यात कायमचा ताण राहतो. असा ताण दिसत नाही, काही महिन्यांनी बोल्ट सैल होऊन कळतो.

दहाचे बोल्ट ४५ न्यूटन मीटरला आवळले. बोर्डाचे आठचे मात्र २० वरच थांबवले. नुसत्या लोखंडात आठचा बोल्ट याहून थोडा जास्त घेतो, पण इथे त्याचं डोकं ॲल्युमिनियमच्या खाचेत आहे आणि जास्त जोर दिला तर खाचेचे ओठ उघडतात. हाताच्या अंदाजाने गोटी पाना ओढणाऱ्या सवयीच्या माणसाला हे जड जातं, त्याला प्रत्येक बोल्ट अजून एक पाव वळसा घ्यावा असं वाटतं. टॉर्क रेंच मिळाला नसता तर मी काम पुढे ढकललं असतं. आवळून झाल्यावर प्रत्येक नटावरून ब्रॅकेटवर नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढली. नट जराही फिरला तर रेघ तुटलेली दिसते.

मग चाचणी. भाचा मागच्या टोकावर उभा राहिला, मी खालून काठीने मोजलं. बोर्ड चारेक मिलिमीटर लवला आणि तो उतरल्यावर जागेवर आला. मग दोघं एका पायरीवर. चारही दारं पूर्ण उघडून पाहिली. जॅकचा दांडा चेसिसखालच्या जागेपर्यंत पोचतो का, हेही पाहिलं, कारण रस्त्यात पंक्चर झाल्यावर हे कळून उपयोग नाही.

बायकांनी चढून पाहिल्यावर दोन गोष्टी निघाल्या ज्या आम्हा दोघांच्या लक्षात येणं शक्य नव्हतं. मधल्या ब्रॅकेटचं टोक बोर्डाखालून जेमतेम बोटभर पुढे येत होतं आणि उतरताना निऱ्यांची खालची कड त्यात अडकत होती. पँट घालणाऱ्याला ते कधीच जाणवलं नसतं. ते टोक कानशीने गोल केलं आणि त्याला दाराच्या कडेला लावतात ती रबरी बीडिंग चढवली. दुसरं, वडील मावशी म्हणाल्या, "ताई, पहाटे उतरताना ही काळी पायरी दिसायची नाही." मार्केट यार्डात माल द्यायचा तर आम्ही उजाडायच्या आत निघतो. काळा बोर्ड, काळं रबर, खाली काळी माती. बोर्डाच्या बाहेरच्या कडेला पिवळी खरखरीत टेप लावली. ती अंधारात उठून दिसते आणि ओल्या चपलेलाही धरते.

हाताच्या आधाराचं मात्र नुसत्या पायरीने भागत नाही, हे विटांच्या वेळीच कळलं होतं. पुढे चढताना धरायला हँडल होतं, मागच्या दाराला नव्हतं. खांबावर भोक पाडायचं मनात नव्हतं, आणि सीटबेल्टच्या बोल्टला तर हातही लावायचा नाही. पण मधल्या खांबावर दोन प्लॅस्टिकची टोपणं दिसली, ती काढली तर खाली तयार आटे होते. याच गाडीच्या वरच्या मॉडेलचं हँडल तिथे बरोबर बसलं. माझ्या मते पायरी आणि हँडल ही एकच वस्तू मानून खरेदी करावी. नुसत्या पायरीवर म्हातारं माणूस अर्ध्यात अडकतं, एक पाय वर आणि हात हवेत.

पहिल्या काही आठवड्यांनी, सोलापूर रोडवरून आणि कालव्याच्या वाटेवरून गाडी भरपूर फिरल्यावर, खाली जाऊन रेघा पाहिल्या. चेसिसचे सगळे बोल्ट जागेवर होते. बोर्डाच्या दोन नटांच्या रेघा किंचित सरकल्या होत्या. मधली रबरी पट्टी दाबून बसल्यावर असं होतंच. ते पुन्हा २० ला आवळले आणि नव्या रेघा ओढल्या. त्यानंतर त्या सरकलेल्या नाहीत.

आता खत वाहिलेल्या दिवशी संध्याकाळी बोर्डाच्या वरून आणि मुख्य म्हणजे खालून नळीने पाणी मारायचं ठरलेलं आहे. ब्रॅकेटवर कुठे रंग उडालेला दिसला तर तिथल्या तिथे प्रायमरचा हात द्यायचा. आणि फिटनेससाठी दिवे गावाला जाण्याआधी एकदा खाली शिरून सगळ्या रेघा तपासायच्या, असं गाडीच्या वहीत लिहून ठेवलं आहे.